पाणी उतरायला हवं होतं

"अजून दोनेक मीटर पाणी उतरायला हवं होतं, मग खरी मजा आली असती," नावेत समोर बसलेले गृहस्थ म्हणाले, आणि अण्णांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बस, एवढंच झालं. जानेवारीतली सकाळ होती. कुंभारगावच्या काठावरून आमची नाव निघाली होती आणि आधीचा पावसाळा मनासारखा झाल्यामुळे उजनी धरणाचं पाणी अजून चांगलंच फुगलेलं होतं. गृहस्थ पहाटेचे उठून पुण्याहून आले होते, मांडीवर भली मोठी लेन्स, तिच्यावर झाडापानांच्या नक्षीचं कापड. फ्लेमिंगो होते, पण पलीकडच्या काठाला चिकटून, नुसती फिकट गुलाबी रेघ. त्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. चहात साखर जरा कमी हवी होती, अशा सुरात ते म्हणाले. अण्णांच्या बघण्यातही राग नव्हता. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, मग नावेच्या कडेवरून खाली पाण्याकडे पाहिलं, मफलर कानावरून नीट ओढून घेतला आणि गप्प बसले. मला मात्र ते बघणं नंतर कितीतरी दिवस पुरलं. कारण गृहस्थ बोलले ते माझ्या मनात त्यांच्या आधीच येऊन गेलं होतं, आणि अण्णांची नजर चुकवायला मी दुर्बीण डोळ्याला लावली होती.

आमच्या सोलापूरच्या घरात उजनी हे धरण नव्हतं, आकडा होता. पेपर आला की अण्णा पहिलं पान उलटायच्या आधी स्थानिक पान काढत आणि कोपऱ्यातली ती चौकट वाचत. टक्के, दौंडचा विसर्ग म्हणजे वरून धरणात येणारं पाणी, दोन्ही कालव्यांना किती, नदीत किती. जुलै-ऑगस्टमध्ये ही चौकट मोठ्यानं वाचली जायची आणि आई स्वयंपाकघरातून "मग?" एवढंच विचारायची. त्या "मग"चा अर्थ आम्हाला भावंडांना पाठ होता. नळाला पाणी किती दिवसांआड, हौद घासायचा की नाही, पाहुण्यांना मे महिन्यात बोलवायचं की दिवाळीत. सोलापूरच्या माणसाला पाणी आल्याची खबर कानांनी कळते. नळातून आधी हवेचा फुत्कार येतो, मग एक खाकरल्यासारखा आवाज, मग धार. मध्यरात्री तो आवाज झाला तरी अख्खी गल्ली जागी व्हायची. हंडे, कळश्या, बादल्या, पिंप, शेवटी पातेली आणि तपेलीसुद्धा. नळ जाईपर्यंत कोणी कोणाशी धड बोलायचं नाही. एवढ्या सगळ्या घाईत ते पाणी येतं कुठून, कसं दिसतं, त्याच्या काठावर काय आहे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. उजनी मी पहिल्यांदा पाहिली ती रेल्वेच्या खिडकीतून, पुण्याला शिकायला जाताना. भिगवणच्या अलीकडे एकदम डाव्या-उजव्या बाजूला आभाळ जमिनीवर उतरल्यासारखं दिसलं आणि डब्यातले कोणीतरी म्हणाले, "बॅकवॉटर." मला वाटलं, एवढं पाणी असून आम्ही पातेली का भरतो?

त्याचं उत्तर अण्णांनी पुढे एकदा कागदावर काढून दाखवलं होतं. उजनी भरलं की त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी असतं. एक टीएमसी म्हणजे अडीच हजार कोटी लिटरांहून जास्त, तेव्हा ११७ हा आकडा ऐकायला झकास वाटतो. पण त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी कालव्याच्या तोंडाच्या खाली राहतं. तो मृतसाठा. पेपरातले टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या, उपयुक्त साठ्याचे. वरचं संपलं की आकडा शून्य होतो आणि धरणात तरीही समुद्र दिसतो. मग नदीच्या दरवाजातून त्या खालच्या पाण्यालाही हात घातला जातो, आणि चौकटीत आकड्यामागे उणे चिन्ह येतं. मायनस. बाकी महाराष्ट्राला हे चिन्ह थंड हवेच्या बातम्यांत दिसतं, आम्हाला उन्हाळ्यात. २०२३ चा पावसाळा दगा देऊन गेला, त्यानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. वर आणखी गंमत अशी की उजनीच्या स्वतःच्या आभाळात पाऊस बेताचाच. इंदापूर, करमाळा, माढा, कर्जत, सगळे अवर्षणाचे तालुके. धरण भरतं ते पलीकडे सह्याद्रीच्या कुशीत, मुळशी, पानशेत, खडकवासला, पवना, चासकमान भरून वाहायला लागले की. म्हणून आमच्या घरात पुण्याचा पाऊस हा सोलापूरच्या पावसापेक्षा महत्त्वाचा विषय असायचा. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पाणी भरलं म्हणून तिथले नातेवाईक हैराण व्हायचे आणि फोनवर अण्णा सहानुभूती दाखवून झाल्यावर हळूच विचारायचे, "मुठेला किती सोडलंय?"

असा माणूस मी फ्लेमिंगो दाखवायला नावेत बसवला होता.

नाव म्हणजे मासेमारीचीच होडी, बुडाला पत्रा ठोकलेली, बसायला आडव्या फळ्या आणि त्यावर गोधडीची घडी. नावाडी पंचविशीतला पोरगा. काठापासून थोडं आत गेल्यावर त्यानं इंजिन बंद केलं आणि बांबू हातात घेतला, तशी सगळी सकाळ एकदम कानात शिरली. वारकऱ्यांचा, म्हणजे त्या काळ्या अंगाच्या पांढऱ्या कपाळाच्या पाणपक्ष्यांचा, अखंड कलकलाट. शेकाट्यांचं टोचऱ्या आवाजातलं भांडण. नदीसुरय डोक्यावरून कर्कश ओरडत जाऊन पाण्यावर कोसळायचा आणि चोचीत चांदीची चिपळी घेऊन वर यायचा. वास मात्र साधासुधा नव्हता. ओला गाळ, कुजलेलं शेवाळ, मासे, डिझेल, आणि या सगळ्यांच्या खाली एक आंबूस, शहरी वास, ज्याच्याबद्दल पुढे बोलेन. पाणी हिरवट होतं आणि बांबू खाली रुतला की तळातून बुडबुडे वर येत होते. पाण्यात गेलेल्या बाभळींचे शेंडे कुठे कुठे वर आलेले, प्रत्येकावर एकेक पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. दूर उथळ जागी पट्टकादंबांचा थवा होता. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे राखी हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरहून उंच उडताना त्यांची नोंद झालेली आहे. इथे ते हरभऱ्याच्या रानाकडेला चालत होते, बाजाराला आलेल्या बायांच्या संथपणानं. अण्णांना ते दाखवले तर म्हणाले, "एवढ्या लांबून इंदापूर तालुक्यात?" त्यात अविश्वास किती आणि अभिमान किती, कळलं नाही.

आणि मग ती रेघ. दुर्बिणीत ती रेघ सुटी होते, तिचे पाय दिसायला लागतात. रोहित पक्षी, म्हणजे हाच फ्लेमिंगो, खातो कसा हे पहिल्यांदा पाहताना हसू येतं. एवढी देखणी मान, ती पार खाली वाकवून डोकं उलटं करायचं, चोचीचा वरचा भाग तळाला लावायचा, आणि जाड जिभेनं पाणी आत-बाहेर ढकलत चोचीच्या कडांच्या झालरीतून गाळून घ्यायचं. खाली उरतं ते शैवाल, अळ्या, बारीक कवचवाले जीव. त्यांतल्या रंगद्रव्यांतूनच पंखांना तो गुलाबी-शेंदरी रंग चढतो. पिल्लं मळकट राखी असतात, रंग यायला वर्षं जातात. कच्छच्या रणात यांची वसाहत आहे, तिथे चिखलाचे बुटके मनोरे बांधून अंडी घालतात. उजनीला येतात ते फक्त जेवायला. आणि जेवायला त्यांना पाय टेकावे लागतात. पोहता येतं त्यांना, पण गाळण चालते ती उथळात, चिखलाच्या जवळ. पाणी मांडीच्या वर गेलं की या पक्ष्याला उजनी असून नसल्यासारखी.

इथेच सगळी गोम आहे. उजनी डोंगरातल्या घळीत बांधलेली नाही. कोयनेचं किंवा भंडारदऱ्याचं पाणी उतरतं तेव्हा खाली उतरतं, कपारीला एक उघडा तांबडा पट्टा दिसतो आणि संपलं. उजनी पसरली आहे सपाट माळावर, त्यामुळे इथे पाणी उतरतं म्हणजे मागे हटतं. पातळी हातभर खाली गेली की काठ फर्लांगभर दूर जातो आणि मधली सगळी जमीन ओला, मऊ, जिवंत चिखल होऊन उघडी पडते. पावसाळ्यात आलेला गाळ, बुडालेलं गवत, शिंपले, गोगलगाई, किडे, सगळं बोटभर पाण्यात. शेकाटे, तुतवार, चमचे, शराटी, चित्रबलाक आणि फ्लेमिंगो ज्या जेवणावळीला येतात, ती पंगत पाणी हटल्याशिवाय मांडली जात नाही. आमच्या पेपरातला आकडा खाली यायला लागला की भिगवणचा हंगाम वर चढतो. दुष्काळी वर्षी तर थवे काठाशी, नावेपासून हाकेच्या अंतरावर. चांगल्या पावसाच्या वर्षी ही अशी, पलीकडची रेघ. गृहस्थ पक्ष्यांचे जाणकार होते, त्यांना हे ठाऊक होतं आणि ते अगदी बरोबर बोलले होते. अण्णांनाही आकडे ठाऊक होते. त्या दोन मीटरांत किती टीएमसी बसतं, ते कुठल्या कालव्यानं कुठे जातं आणि सोलापूरला जिथून पाणी मिळतं त्या टाकळी-औजच्या बंधाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर वाटेत किती मुरतं, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात तेव्हा झाला असणार. एकाच नावेत, एकाच पाण्यावर, दोघंही बरोबर.

गृहस्थांची बाजू मला जास्त घ्यावीशी वाटते, खोटं कशाला बोलू. माझं लग्न होऊन मी पुण्यात आले, नळ उघडला की पाणी यायला लागलं, आणि बहुधा त्यामुळेच पाण्यावरचे पक्षी मला दिसायला लागले. तहान भागलेल्या माणसाचाच हा छंद आहे, असं माझं मत होत चाललं आहे. नावाड्याला मात्र छंद वगैरे नाही, त्याचा हा धंदा आहे, आणि तो आमच्या दोघांपेक्षा शहाणपणानं करतो. थवा थोडा जवळ आल्यावर गृहस्थांनी त्याला म्हटलं, "जरा आत घे की, उडाले तर पंखांचा रंग मिळेल." पंख उघडले की आतला लाल आणि काळा दिसतो, तो फोटो सगळ्यांनाच हवा असतो. पूर्वी काही नावाडी त्यासाठी टाळ्या वाजवायचे, इंजिन चढवून थेट थव्यात घालायचे. हा पोरगा म्हणाला, "सर, उठवलं की ते दुपारपातुर खात न्हाईत. लांब जाऊन बसत्यात. मग पुढच्या नावंला काय दावू?" नुसती दया नव्हती ती, त्यात हिशेब होता, म्हणूनच ती टिकेल असं मला वाटलं. उडायला रोहिताला पाण्यावरून धावत जावं लागतं, पावलं आपटत, मान पुढे ताणून. त्या धावण्यात किती शक्ती जाते हे काठावरच्यांना रोज दिसतं. नाव तिथेच थांबली. गृहस्थ थोडे नाराज झाले, पण मग अर्धा तास तशीच लेन्स रोखून बसले आणि कधीतरी थवा आपणहूनच उठला. आवाज आधी आला, बदकांसारखा भसाडा, त्या रूपाला अजिबात न शोभणारा. मग ती रेघ पाण्यावरून सुटली आणि आमच्या डोक्यावरून वळण घेत गेली. गृहस्थांचा कॅमेरा कडाडत राहिला. अण्णा तोंड उघडं टाकून वर बघत होते.

परतताना अण्णांनी नावाड्याशी गप्पा सुरू केल्या, पक्षी सोडून सगळ्या विषयांवर. जाळं कुठलं टाकता, मासळी कुठं जाते. चिलापी, तो म्हणाला, नव्वद टक्के नुसती चिलापी. बाहेरून आलेला हा मासा उजनीत असा माजलाय की मरळ, वाम, खवल्या हे जुने मासे जाळ्यात आले तर लोक एकमेकांना दाखवतात. बारीक आसाची जाळी टाकून पिल्लंही उपसणारे लोक आहेत, त्यांच्यावर त्याचा राग होता. पाण्याच्या रंगाबद्दल अण्णांनी विचारलं, तर त्यानं हसून माझ्याकडे बोट केलं. "ताईंच्या गावाचं हाय." खरंच होतं. मुळा-मुठेतून, पवनेतून, इंद्रायणीतून जे येतं ते सगळं भीमेतून इथे येऊन थांबतं. तो मघाचा आंबूस वास आमच्याच मोऱ्यांचा. पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी सोलापुरात गाळून पितात. अण्णा ज्या विसर्गाची वाट बघायचे त्यात हेही असायचं. जलपर्णी वाढते ती त्याच्यावर, शैवाल माजतं ते त्याच्यावर, आणि ओढून-ताणून बोलायचं तर फ्लेमिंगोंच्या ताटातही त्याचा वाटा असणार. या विषयावर मला शुद्ध संताप करता येत नाही, कारण संतापाचा पाइप माझ्याच घरातून निघतो.

करमाळ्याच्या बाजूनं एक मोठी लाँच येत होती. तीत दुचाक्या उभ्या, शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, एक शेळी. धरणानं नदीचे दोन काठ इतके लांब केले की पलीकडच्या गावाला रस्त्यानं जायचं तर भलामोठा वळसा पडतो, म्हणून ही पाण्यातली एसटी. आपण ज्याला जलविहार म्हणतो ते यांचं रोजचं जाणं-येणं. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली अशीच एक बोट वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. नावाड्यानं आम्हाला निघतानाच जॅकेटं घालायला लावली होती, अण्णांनी "कशाला" म्हटल्यावर त्यानं नुसतं त्या दिशेला हात केला होता. दुपारच्या वाऱ्याला तो नाव घालत नाही. उन्हाळ्यात चारनंतर उजनीवर जो वारा सुटतो तो पाहिलेला माणूस या पाण्याला तलाव म्हणणार नाही.

मी हेच पाणी उन्हाळ्यातही पाहिलं आहे, मायनसमधलं. पळसदेवजवळ पळसनाथाचं जुनं हेमाडपंती मंदिर आहे, गावासकट पाण्यात गेलेलं. देव नव्या गावात नेला, देऊळ तिथेच राहिलं. पाणी फार हटलं की ते आधी शिखरानं, मग खांबांनी, मग पायरी पायरीनं बाहेर येतं. त्या वर्षी ते पुरतं कोरडं झालं होतं. भेगाळलेल्या गाळावरून चालत जाता येत होतं, पायाखाली शिंपल्यांचा चुरा. आजूबाजूला घरांची जोती, एक रांजण अर्धा रुतलेला, विहिरीचा कठडा. माणसांची ही गर्दी. कोणी फोटो काढत होतं, कोणी नारळ घेऊन आलं होतं. एक म्हातारे गृहस्थ नातवाला हातानं हवेत गल्ल्या आखून दाखवत होते, इथून तिथं चावडी, हा आमचा उंबरा. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की काय होतं, माझ्यानं सांगवत नाही. आणि त्यांच्या मागे, मंदिराच्या अंगावरून, काळ्या पाइपांची रांग पाण्याच्या दिशेनं गेलेली. काठावरचे ऊसवाले पाणी जसं मागे हटेल तसे मोटारी पुढे नेतात. पाइपाला पाइप, केबलीला केबल जोडत. रात्री अडीच वाजता वीज आली की बॅटरी घेऊन त्या गाळातून मोटारीपाशी जायचं. पाणी पळतंय आणि शेत त्याच्या मागे धावतंय. त्याच गाळाच्या कडेला, पाइपांच्या पलीकडे, शेकड्यांनी फ्लेमिंगो होते. इतके जवळ मी ते कधीच पाहिले नव्हते. त्या दिवशी सोलापुरात आईनं फोनवर सांगितलं होतं की यावेळी पाणी आणखी एक दिवस पुढे गेलंय. मी तिला सांगितलं नाही की मी कुठे आहे.

काही पक्षीवेड्या मित्रांना उजनी निसर्गात धरवत नाही. धरण हे धरण, म्हणतात, माणसानं केलेलं. मला हा वाद पोकळ वाटतो. महाराष्ट्रात मोठी नैसर्गिक सरोवरं आहेतच किती? लोणार सोडलं तर बोटं मुडपायला फारसं काही हाती येत नाही. आपल्या पाणपक्ष्यांच्या नावाजलेल्या जागा पाहा. गोदावरीवरचं नांदूरमध्यमेश्वर, जे २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं, ते एका बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळावर उभं आहे. जायकवाडीचा नाथसागर म्हणजे धरणच. पक्ष्याला कोनशिला वाचता येत नाही. इंदापूरला तर चित्रबलाक सरकारी कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर घरटी करतात, खाली लोक उताऱ्याच्या नकला घ्यायला उभे आणि वर पिल्लांची ओरड. उजनीचं काम १९८० च्या सुमारास पूर्ण झालं. म्हणजे हे सरोवर वयानं माझ्याच आगेमागे आहे, आणि एवढ्यात त्यानं कच्छ आणि तिबेटशी नातं जोडलं. मला खुपतं ते त्याचं कृत्रिम असणं नाही. खुपतं हे, की ज्यांची गावं बुडाली त्यांचा या सुंदर देखाव्यातला वाटा आपण जमेला धरत नाही. तो देखावा त्यांनी दिलेला आहे, मागितल्यावाचून.

नावाड्याच्या घरी जेवायचं ठरलेलं होतं. पत्र्याचं घर, पुढे पडवी, पडवीत जाळी टांगलेली. त्याच्या आईनं चिलापीचं कालवण आणि बाजरीची भाकरी केली होती. तिखट असं की अण्णांच्या टाळूला घाम आला, पण सोलापूरचा माणूस तिखटाला "आहे बऱ्यापैकी" यापुढे दाद देत नाही. गृहस्थही आमच्याच पंगतीला होते, कॅमेरा मांडीवरून हलला नव्हता. मावशी अण्णांच्या वयाची. कुठले, काय, विचारपूस झाली. सोलापूर म्हटल्यावर तिनं भाकरी थापता थापता वर बघितलं. "म्हंजी आमचं पाणी पिणारं."

"होय की," अण्णा म्हणाले. "चार-पाच दिवसांआड."

"आन् आमची जिमीन पाण्याखाली, तरी आमाला हापसा." ती हसली. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगून टाकलं. तिचं लग्न होऊन ती आली तेव्हा गाव उठलेलं होतं, सासऱ्याची जमीन तिनं पाहिली ती पहिल्यांदा एका दुष्काळात, पाण्यातून वर आलेली. त्यानंतर पाणी हटेल त्या वर्षी ते तिथं गाळपेर करतात. गाळपेर म्हणजे पाटबंधारे खात्याची एका हंगामापुरती मिळणारी जमीन, आपलीच पण भाड्याची. गाळाला खत लागत नाही, पाणी द्यावं लागत नाही, ओलीवरच हरभरा येतो, ज्वारी येते. नवरा हयात असताना ते सांगायचे, हा बांध अमक्याचा, ही ताल आपली. "पाण्यात राहून बांध काय सरकत न्हाई," ती म्हणाली.

"मग तुम्हाला पाणी कमी झालेलं बरं म्हणायचं," गृहस्थ उत्साहानं म्हणाले. आपल्या बाजूचं कोणीतरी सापडलं असं त्यांना वाटलं असावं.

मावशीनं तव्यावरची भाकरी उलटली. "लय कमी झालं तर मासं न्हाईत. लय ऱ्हायलं तर हरभरा न्हाई. आन् मधेच वरनं सोडलं तर दोन्ही न्हाई." अण्णा जेवता जेवता थांबले. पेपरातल्या चौकटीत दौंडचा विसर्ग म्हणून जो आकडा यायचा, ज्याची ते आयुष्यभर देवासारखी वाट पाहत आले, तो कोणाच्या तरी उभ्या पिकावरून येतो हे त्यांच्या हिशेबात कधी आलं नसावं. त्यांनी तिला विचारलं, यंदा किती जमीन उघडी झाली. थोडीच, वरची पट्टी. हरभरा टाकलाय. घाट्यांनी लगडायला अजून महिना-दीड महिना. मग अण्णा आणि ती दोघं कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, त्यानं पाणी किती हटेल याच्या बोलण्यात अशी गुंतली की बाकीच्यांना त्यात शिरताच येईना. तिला टीएमसी कळत नव्हतं आणि अण्णांना ताल कळत नव्हती, पण सुटलेल्या पाण्याचे दिवस दोघांनाही तोंडपाठ होते.

निघताना गृहस्थांनी मार्चमध्ये परत यायचं नक्की केलं. नावाड्यानं त्यांचा नंबर घेतला, पाणी उतरलं की फोन करतो म्हणाला. मावशी पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. अण्णांना म्हणाली, "दादा, तुमी बी या. हावळा खायाला या पोरीला घेऊन." मग कॅमेऱ्याकडे हात करून आवाज जरा चढवला. "आन् हे मशिनवालं सर आलं तर येऊ द्या, पण त्यास्नी सांगून ठिवा. पाखरं बघायच्या नादात मागच्या बारीला तिघांनी माझा हरभरा तुडवला. बांधावरनं चालायचं. बांध दिसत नसला तर मला हाक मारायची, मी दावीन."